नऊ नंबरचा आवाज

भीमपूर
७ जानेवारी २०२४

हर्षदीप, जयभीम.

हे पत्र मी सांगून राह्यलो आन् साक्षी लिहून राह्यली. माह्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला, आपरेशन उन्हाळ्यात हाय. फोनवर मले अर्धंच ऐकू येते. जनमभर गायन पार्टीत कर्ण्यासमोर उभा राह्यलो, कान त्यातच गेले. मागं तुले फोनवर सिंथचा, म्हणजे साक्षीच्या कीबोर्डचा, अडॅप्टर सांगतला तं तू भलताच पाठवला, सिंथ जळता जळता वाचला. तवापासून ठरवलं, मशीनीची गोष्ट कागदावरच.

काम असं हाय. डिसेंबरात जैनथले कार्यक्रम झाला. आपल्या आधी नांदेडकडची एक पार्टी बसली. त्याईच्या पोट्ट्याचा सिंथ आपल्यासारखाच, पण आवाज असा का जसा भरल्या विहिरीतून वर येते. साक्षी त्याच्यापेक्षा बरी वाजवते, पण आपला सिंथ कोरडा, भाजलेल्या पापडासारखा वाजते. मी जवळ जाऊन पाह्यलं तं सिंथखाली लोखंडी चौकटीत एक चपटी काळी पेटी स्क्रूनं कसलेली. रॅकवाली इफेक्ट मशीन म्हणे. सिंथची वायर तिच्यात जाते आन् आवाज गोल होऊन निंघते.

तू साऊंडच्या गोदामात हाय. तशी एक पेटी पाह्य. नवी नको, आपल्या आवाक्यातली पाह्य, पण टिकली पायजे. ही वस्तू पार्टीची नाई, साक्षीची. ती जिथं जाईन तिथं तिच्यासंगं जाईन. म्हणून बाहेरच्याले न सांगता घरच्या माणसाले सांगून राह्यलो. एप्रिलच्या आत पायजे.

आन् तुहे पाय कसे हायत? तुही माय म्हणे का तू अजून त्याच कामावर हाय. मले काई खरं वाटलं नाई.

तुहा मामा,
बाबाराव

हे बाबानं सांगतलं नाई: पापडासारखा नाई वाजत. – साक्षी


बंगलोर
१६ जानेवारी २०२४

मामा, जयभीम. मामीले पण.

पत्र भेटलं. तुमी मले घरचा माणूस म्हणलं ते मी वाचलं. दोनदा वाचलं. गोदामातला राजकुमार हाय, बिदरचा, त्याले पण वाचून दाखवलं. तो म्हणे आता मिठाई खिलव. मी म्हणलं थांब बाप्पा, अजून पेटी पाहाची हाय.

माहे पाय जाग्यावर हायत. आदिलाबादच्या कापसाच्या जिनिंगमधून पळालो, हैदराबादले फरशी बसवाचं सोडलं, निजामाबादच्या हॉटेलातून तं पगार न घेता निंघालो, हे सारं खरं हाय. पण इथं मन लागलं. सकाळी उठून स्पीकर उचलाचे, मंडपात नेऊन लावाचे, तपासाचे, पुन्हा आणाचे. वाजते ते सारं दुसऱ्याचं, पण पहिला आवाज मी काढतो, हॅलो वन टू म्हणून. तुमी मायसमोर म्हणले होते, एका जागी वर्ष काढ मंग पोरीचं बोलू. ते वर्ष मार्चात होते. जास्त लिहीत नाई, कारण वाचून दाखवणारी कोण हाय ते मले माहीत हाय.

आता पेटीचं. गोदामाच्या मागच्या खोलीत जुन्या पेट्यांचा ढीग हाय. आता सारे कॉम्प्युटर घेऊन येतात, त्यात सारे आवाज भेटतात, म्हणून ह्या पेट्या कोणी विचारत नाई. मालक म्हणते पसंत कर, किमतीचं पाहू. पण असं डोळे मिटून उचलता येत नाई. मले हे सांगा.

सिंथच्या मांगं आवाज निंघाची भोकं किती हायत, एक का दोन? वायर आधी मिक्सरात जाईन का सरळ अँपात? लाईट जाते येते का अजून तसंच? आन् पेटी वाजवता वाजवता फिरवाची हाय का एकदा लावून ठेवाची हाय? कारण काही पेट्याइले नुसती बटनं हायत, दहा वेळा दाबा तवा एक आवाज बदलते. वाजवणाऱ्याचे दोन्ही हात कामात राह्यतात, त्याले तिसरा हात कुठून आणाचा.

साक्षीले सांगा पापडाचं मी मनावर घेतलं नाई.

तुमचा,
हर्षदीप


भीमपूर
२८ जानेवारी २०२४

हर्षदीप, जयभीम.

भोकं दोन हायत. वायर सरळ अँपात जाईन असंच धर, मिक्सर पार्टीचा हाय, तो पार्टीतच राहीन. लाईटीचं विचारून काऊन हासवतं. फिरवाची मूठ पायजे, बटनं नको, साक्षी म्हणते.

पेटीची गोष्ट गावात झाली. मारोतराव ढोलकीवाले म्हणे, सिंथले पेटी आणता तं माह्या ढोलकीनं काय पाप केलं. मागच्या रविवारी मुधोळचे पाहुणे येऊन गेले. त्याईच्या घरी पण गायन पार्टी हाय. साक्षीनं वाजवून दाखवलं. पेटी येऊन राह्यली म्हणलं तं लय खूश झाले.

तू घाई करू नको. पण उशीरही करू नको.

बाबाराव

हे माहं: हर्षदीप, एक विचारते, खरं सांगजो. तू जिथं राहतं तिथं खोलीत स्पीकर लावून सिंथ वाजवता येते का? शेजारी काही म्हणतात का? – साक्षी


बंगलोर
९ फेब्रुवारी २०२४

मामा, जयभीम.

पेटी निवडली. कशी निवडली ते सांगतो, म्हणजे पुन्हा अडॅप्टरची गोष्ट काढाल नाई.

तीन पेट्या बाजूले काढल्या. पहिलीचा आवाज ऐकून तं मी खालीच बसलो. एक कळ दाबली का खोलीच्या भिंती मांगं सरकल्यावानी वाटते. पण ती जपानातून आलेली, तिकडच्या शंभर व्होल्टवर चालते. तिच्यासंगं वेगळा ट्रान्सफॉर्मर बाळगा लागते. एखाद्या कार्यक्रमात कोणी घाईघाईत सरळ बोर्डात खुपसली का धूर. म्हणून ठेवून देली. हात जाग्यावर ठेवताना जीव तुटला, पण ठेवली.

दुसरीत आवाज शेकड्यानं, माशीच्या भिणभिणीपासून विमानापर्यंत. आन् सगळ्यात स्वस्त. पण सिंथ चूप राह्यला का ती फस्स करते. आपल्या कार्यक्रमात वंदनेले सारे डोळे मिटून बसतात, तवा मांगून सापावानी फस्स ऐकू आलं तं मामी चप्पल घेऊन उठन.

तिसरी घेतली. दिसाले काहीच नाई, कोपरा घासलेला, पाटीवरच्या दिव्यातला एक दिवा मेलेला. तिच्यात नुसती घुमक आन् इको, बाकी खेळ नाई. पण चूप राह्यते तवा पूर्ण चूप राह्यते. दोन वायरी आत, दोन बाहेर. समोर फिरवाची मूठ हाय. लाईट जाऊन आली का ज्या नंबरवर होती त्याच नंबरवर उठते. मी तासभर बोर्ड चालू बंद करून पाह्यलं, राजकुमार म्हणे आता तू येडा झाला. बसच्या पार्सलनं आदिलाबादले पाठवली, लेकरावानी गोधडीत गुंडाळून. पार्सल आणाले मारोतराव जातीन तं त्याइले सांगा, गोधडी वापस पायजे.

त्यात आपले आवाज साठवता येतात. मी एक ते आठ भरले. पहिला वंदनेसाठी, थोडाच घुमते. दुसरा पाळण्याच्या गाण्यासाठी. पाचवा दणक्याच्या गाण्याले. नऊ नंबर पण भरला, पण तो आता लावू नका. मी आलो का लावू, संगं बसून.

साक्षीनं विचारलं त्याचं. साक्षी, इथं खोलीत स्पीकर लावणं होत नाई. एका चाळीत अकरा खोल्या, भिंती पातळ, वरची म्हातारी कुकरची शिट्टी झाली तरी कन्नडमध्ये ओरडते. पण तू त्याची चिंता करू नको. मी हेडफोन आणून ठेवला, चांगल्यातला. ह्या पेटीचा आवाज हेडफोनवर तं अजून भारी येते. तू कितीही वाजव, बाहेर कोणालेच ऐकू जाणार नाई. मी नवी खोली पण पाह्यली, खिडकीपाशी बोर्ड हाय, सिंथ बरोबर मावते. पट्टी लावून मोजलं.

मामा, मार्च जवळ आला.

हर्षदीप


भीमपूर
१० मार्च २०२४

हर्षदीप बाळा, जयभीम.

हे पत्र मी सोता लिहून राह्यलो. अक्षर वाकडं हाय, ओळीवर ओळ चढन, समजून घेजो. साक्षीले सांगून लिहून घ्यावं अशी ही गोष्ट नाई.

पेटी पोचली. नग चांगला हाय. तुह्या हातचं काम पाहून मले बरं वाटलं.

साक्षीची सोयरीक झाली. मुधोळले. पोरगा पंकज, शाळेत क्लार्क हाय, घरची गायन पार्टी हाय. जानेवारीत ते पाहुणे येऊन गेले म्हणून मी लिहिलं होतं, काऊन आले ते लिहिलं नाई. ते माहं चुकलं. मले वाटलं पाहुणे म्हणलं का तुले समजन. लग्नाच्या पोरीच्या घरी पाहुणे दुसरं काऊन येतात. तू समजला नाई हे तुह्या मागच्या पत्रात समजलं, पट्टी लावून मोजलं म्हणलं तवा. तवा मले जेवण गेलं नाई.

मी शब्द फिरवला असं समजू नको. तू वर्ष काढलं, मी मानलं. मी साक्षीपुढं दोन्ही ठेवलं. म्हणलं, एक मुधोळ हाय, एक तुह्या आत्याचा पोरगा हाय, दोन्ही माहे, तू सांगशील तिथं देतो. पेटी तिच्यासाठी होती, कुठंही गेली तरी आंदण. भांडे देण्यापेक्षा हेच देऊ म्हणलं. ती म्हणे, थांबा, मी हर्षदीपले एक विचारते. काय विचारलं ते तवा मले सांगतलं नाई, पत्राच्या खाली लिहिलं असन.

तुहं उत्तर आलं तवा तिनं नेहमीवानी मले मोठ्यानं वाचून दाखवलं. पेट्यांचं वाचताना लय हासली. हेडफोनपाशी आली आन् थांबली. मी म्हणलं, काऊन थांबली, अक्षर लागत नाई का? ती म्हणे, लागते. मंग पूर्ण वाचलं, पत्र घडी करून डब्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी चुलीपाशी बसून म्हणे, बाबा, मुधोळले हो म्हणा. मी विचारलं काऊन. ती म्हणे, बाबा, हेडफोन लावून मी कोणासाठी वाजवू.

पंकजची माय सोजरबाई इथं म्हणून गेली होती, आमाले सून घरात बसवाले नाई, पार्टीत बसवाले पायजे. त्याचं वजन पडलं असन.

तू काम सोडू नको. तुह्या मायचा जीव त्याच गोष्टीत अटकला हाय. मले शिव्या द्यायच्या असन तं दे, पण फोनवर दे, मले ऐकू येत नाई.

तुहा मामा


भीमपूर
२० एप्रिल २०२४

हर्षदीप,

तुहं काही उत्तर आलं नाई. बाबा रोज पोस्टमन अण्णाले विचारतात. मी विचारत नाई.

पेटीचं सांगते, ते सांगायले पायजे. जयंतीचे कार्यक्रम झाले. भीमपूरले, मंग जैनथले. जैनथले मधातच लाईट गेली. सारे थांबले. जनरेटर लावलं, पेटीचे दिवे आले आन् ज्या नंबरवर मी सोडलं होतं त्याच नंबरवर उठली. मी तिथूनच पुढं वाजवलं. लोकाइले वाटलं गाण्यातच तसं होतं. मारोतराव काकानं एक दिवस चोरून ढोलकीचा माईक तिच्यात लावून पाह्यला. म्हणे, हे का हाय, एक थाप मारली तं चार वाजतात, मजुरी एकाचीच. वंदनेच्या वेळी पेटी पूर्ण चूप होती. तू म्हणलं तसंच.

आता दुसरं. मी तुले माफी मागणार नाई, कारण मी तुले कबूल केलं नव्हतं आन् तू मले विचारलं नव्हतं. तू बाबाले विचारलं, बाबानं तुले वर्ष सांगतलं, आन् मले दोघांइनंही वायरीचं आन् मुठीचं विचारलं. मी तो प्रश्न लिहिला तवा बाबा बाजूले बसून होते, मी एकच ओळ लिहू शकत होती. मले वाटलं तू समजशील. तू पेटीचं सारं समजतं.

पण एक सांगते. तू खरं उत्तर देलं. खोटं बोलला असता, स्पीकर लावता येते म्हणला असता, तं मी आली असती. आन् मंग त्या खोलीत बसून जनमभर तुह्यावर रागावत राह्यली असती. तरी आली असती.

लग्न १९ मेले हाय. पेटी संगं नेऊन राह्यली. तिकडं सरळ अँपात लावाची हाय, कशी लावाची ते नीट लिहून पाठव. मुधोळची पार्टी म्हणे आमच्याकडं अशी पेटी कोणी पाह्यली नाई.

नऊ नंबर मी अजून लावला नाई. जायच्या आधी लावू का नको ते पण लिहिजो.

साक्षी


बंगलोर
२ मे २०२४

साक्षी,

उत्तर देलं नाई कारण चार कागद फाडले. हा पाचवा हाय, हा फाडणार नाई.

आधी लावाचं सांगतो. अँपावर पेटी ठेवू नको, अँप तापते, मधात बोटभर जागा सोड. सिंथच्या दोन वायरी मांगच्या आत लिहिलेल्या भोकात, बाहेरच्या दोन अँपात. उजवीकडं शेवटची मूठ हाय, तिच्यावर ध्यान ठेव. ती पेटीतला आवाज आन् सिंथचा आवाज मिसळते. गोदामात आमी ती पूर्ण फिरवून ठेवतो, कारण आमच्याकडं मिक्सर राह्यते, खरा आवाज वेगळ्या वायरीतून जाते. तुले सरळ अँपात लावाचं हाय, तू ती पूर्ण फिरवली तं तुहा आवाज जाईन आन् नुसती मांगून येणारी घुमक ऐकू येईन. म्हणून पावभर, लय झालं तं अर्धी. मुधोळचं कोणी म्हणलं अजून फिरव, फिरवू नको. तुहा आवाज समोर राह्यला पायजे.

तिकडं स्पीकर हाय. ते चांगलं हाय.

तू म्हणतं तू समजशील वाटलं. मी ती ओळ वाचली तवा राजकुमारले म्हणलं, पाह्य, इले इथं येऊन वाजवाची चिंता लागली. मी इतका खूश होतो का हेडफोन घ्यायले दुकान बंद व्हायच्या आधी धावत गेलो. तू पार्टीत वाजवतं, पोरंबाया समोर बसलेल्या राह्यतात, तुही नजर त्याइच्यावर राह्यते, हे मी लहानपणापासून पाह्यलं. तरी मले सुचलं नाई. मले वाटलं म्हातारी ओरडन हीच अडचण हाय, आन् ती अडचण मी काढली.

खोटं बोलाचं म्हणतं. मले जर माहीत असतं का हा प्रश्न हाय, तं बोललो असतो. सारी चाळ विकत घेतली म्हणलो असतो. मले वाटलं तू पेटीचंच विचारतं, आन् पेटीच्या बाबतीत मी खोटं बोलत नाई.

लग्नाले येणार नाई. लिहिणार होतो का इथं त्या दिवशी मोठा कार्यक्रम हाय. कार्यक्रम नाई. मायले सांगतलं, आहेर ती घेऊन येईन.

मामाले सांगजो, काम सोडलं नाई. सारे वाट पाहून राह्यले, मालक पण, राजकुमार पण, का आता हा निंघते. बॅग भरली होती. स्टेशनवर बसलो पण. मंग वाटलं, पळालो तं मामा म्हणन, बरं झालं पोरगी देली नाई. वापस आलो. दुसऱ्या दिवशी मंडपात जाऊन हॅलो वन टू म्हणलं.

आता नऊ नंबर.

आपण लहान होतो तवा पैनगंगेवर जायचो ते आठवत असन. पलीकडची दरड उंच हाय, अलीकडून टाळी वाजवली का तिकडून वापस येते. तू म्हणायची तिकडं दुसरी पोट्टी बसून हाय, माही नक्कल करते. आन् तिले चिडवायले तू उशिरानं टाळी वाजवायची. मी नऊ नंबरमधी ती टाळी लावली. ती किती वेळानं वापस यायची ते मले आठवत होतं, फिरवता फिरवता बरोबर त्या जाग्यावर आली. एक कळ दाबून सोडली का तिकडून कोणी उत्तर देते, एकदाच, हळू. मंग चूप. आपण दोघं बसून ऐकू असं वाटलं होतं. त्याचा गाण्यात काही उपयोग नाई.

लावू नको. एकदा ऐकलं तं पुन्हा लावशील, तुले मी ओळखतो. नऊ नंबरवर तिकडचं काही ठेव, त्या पार्टीचं एखादं गाणं घे.

ठेवाची रीत अशी हाय. मूठ फिरवून नवा आवाज जमव. मंग डावीकडचं लाल बटन दाबून धर, नऊ आण, सोड. पाटीवरचा दिवा लुकलुक करन. पेटी विचारते, इथं आधीचं एक हाय, पुसू का. आपोआप पुसत नाई, चांगली पेटी हाय. थोडा वेळ थांबते. कोणी लाल बटन पुन्हा दाबलं नाई तं जुनं तसंच ठेवते आन् दिवा स्थिर होते.

तू थांबू नको. दुसऱ्यांदा दाबजो.

हर्षदीप